खांबावरच्या माणसांची युनियन बांधणारा हेन्री मिलर खांबावरूनच गेला

वादळी पाऊस होऊन लाईट गेली की गावात पहिला फोन वायरमनला जातो. सबस्टेशनला नंतर, इंजिनिअर साहेबांना त्याच्याही नंतर. वायरमन दुसऱ्या गावच्या डीपीवर अडकलेला असतो, फोन उचलत नाही. मग कुणीतरी म्हणतं, अमक्याच्या पोराला जमतंय, चढवा त्याला. हे पोरगं म्हणजे आपल्या भाषेत झिरो वायरमन. कुठल्याच हजेरीपटावर त्याचं नाव नसतं. हातात एक पक्कड, पायात चप्पल. बहुतेक वेळा लाईट येते. एखाद्या वेळी लाईटच्या आधी बातमी येते.

अशी बातमी आली की दोन दिवस चर्चा होते आणि शेवटी सगळे एकाच मुद्द्यावर येऊन थांबतात, की त्याचीच चूक होती, त्याने काळजी घ्यायला पाहिजे होती. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतही हेच बोललं जायचं. हे बोलणं खोटं आहे असं ज्याला वाटलं आणि त्यासाठी ज्याने गावोगाव पायपीट केली, त्या लाईनमनचं नाव हेन्री मिलर. आपल्याकडे हे नाव फारसं ऐकलेलं नाही. पण अमेरिकेत किंवा कॅनडात इलेक्ट्रिशियनच्या युनियनमधल्या कुठल्याही माणसाला विचारा, त्याला ते पाठ असतं.

मिलरचा जन्म १८५८ चा, टेक्सासमधला. फ्रेडरिक्सबर्ग नावाचं जर्मन लोकांनी वसवलेलं गाव आहे, त्याच्या जवळचा. शेतीचा आणि गुराढोरांचा मुलूख. त्या काळात वीज म्हणजे एकच गोष्ट, तार. टेलिग्राफ. घरात दिवा नव्हता, मोटर नव्हती. चौदाव्या वर्षाच्या आसपास हा मुलगा सॅन अँटोनियोहून फोर्ट क्लार्क या लष्करी ठाण्याकडे तार ओढणाऱ्या टोळीत लागला. काम काय, तर माणसांना पाणी देणं. आपल्याकडे रस्त्याच्या कामावर पाण्याचा हंडा घेऊन फिरणारं पोरगं असतं, तसंच.

पाणी देता देता तो खांबावर चढायला शिकला. कुणी शिकवलं नाही, बघून शिकला. मोठा माणूस काट्यांचे बूट घालून कसा चढतो, तार कशी ताणतो, काचेच्या इन्सुलेटरला कशी बांधतो, हे खालून बघायचं आणि एक दिवस स्वतः चढायचं. पुढची काही वर्षं त्याने टेलिग्राफच्या आणि रेल्वेच्या लाईनींवर काढली. त्या काळातला प्रत्येक लाईनमन असाच तयार झालेला होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. टेलिग्राफच्या तारेत बॅटरीचा प्रवाह असायचा. अगदी थोडा. उघड्या हाताने तार धरली तर फार तर चिमटा बसल्यासारखं व्हायचं. खांबावरून पडून माणूस मरायचा, थंडीने गारठायचा, पण तारेने सहसा मरत नव्हता. त्यामुळे तार हातात घ्यायची, दातात धरायची, दुसऱ्या तारेवर कोपर टेकवायचं, ही लाईनमनची रोजची सवय. बघून शिकलेला माणूस सवयसुद्धा बघूनच उचलतो.

मग १८८० च्या दशकात दिवे आले. रस्त्यावरच्या आर्क दिव्यांच्या तारांमध्ये हजारो व्होल्ट असायचे. १८८२ मध्ये न्यूयॉर्कला एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू झालं, काही वर्षांत वेस्टिंगहाऊसचा एसी प्रवाह आला. कंपन्यांची चढाओढ लागली. प्रत्येकाला आपली तार आधी पोचवायची होती, आणि ती ओढणारी माणसं मिळाली कुठून? टेलिग्राफमधून. तेच हात, तीच सवय, फक्त तार बदललेली. दोन तारा दिसायला अगदी सारख्या. एक चिमटा काढणारी, दुसरी जीव घेणारी. फरक सांगणारा माणूस नव्हता, शाळा नव्हती, नियम तर नव्हताच.

त्यात या तारा सगळ्या एकमेकींच्या अंगावर. न्यूयॉर्कच्या एकेका खांबावर टेलिग्राफ, टेलिफोन, आगीची घंटा आणि दिव्यांच्या तारांचं जाळं झालं होतं. ११ ऑक्टोबर १८८९ ला दुपारी मॅनहॅटनमध्ये सिटी हॉलजवळ जॉन फीक्स नावाचा वेस्टर्न युनियनचा लाईनमन या जाळ्यात वर चढला. तो टेलिग्राफच्या तारांचं काम करत होता, म्हणजे त्याच्या हिशेबाने त्या तारांना काहीच नव्हतं. पण काही अंतरावर त्यातली एक तार दिव्याच्या चालू तारेला चिकटली होती. फीक्सला ते दिसण्याची शक्यताच नव्हती. जेवणाच्या सुट्टीची गर्दी रस्त्यावर होती, त्या गर्दीच्या डोक्यावर त्याचा देह पाऊण तास तारांमध्ये जळत लटकत राहिला. नंतर लोकांनी त्याच खांबाला एक डबा ठोकला आणि त्याच्या बायकोसाठी पैसे टाकले. दोन हजार डॉलरच्या आसपास जमले. महापौरांनी पुढे धोकादायक तारा तोडायला लावल्या, तेव्हा शहरातल्या तारा जमिनीखाली गेल्या.

फीक्सची काय चूक होती, हा प्रश्न विचारून बघा. काही नव्हती. तो बंद लाईनवर चढला होता, ती लाईन दुसरीकडून चालू झाली होती. आपल्याकडे हे आजही होतं. फीडर बंद केलेला असतो, पण कुणाच्या तरी घरचा जनरेटर उलटा सप्लाय देतो, कुठे दुसऱ्या फीडरची तार वरून ओलांडून गेलेली असते आणि वाऱ्याने टेकते. म्हणून तर स्विच पाडला एवढ्याने लाईन बंद झाली असं कुणी शहाणा लाईनमन मानत नाही. परमिट घ्यायचं, तपासायचं, आणि काम करणार त्या जागेच्या दोन्ही बाजूंनी तारा डिस्चार्ज रॉडने अर्थ करायच्या. मग कुणीकडून सप्लाय आला तरी तो जमिनीत जातो, माणसातून जात नाही. एवढी साधी ओळ नियमात यायला किती फीक्स लागले त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

मिलर १८८६ मध्ये सेंट लुईसला आला आणि तिथल्या एका वीज कंपनीत लाईनमन म्हणून लागला. म्हणजे त्याने टेलिग्राफपासून दिव्याच्या तारेपर्यंतचा प्रवास स्वतःच्या हातांनी केला होता. १८९० मध्ये सेंट लुईसला मोठं प्रदर्शन भरलं, विजेचे चमत्कार दाखवणारं. मंडपांना वायरिंग करायला देशभरातून वायरमन आणि लाईनमन आले. दिवसभर काम आणि रात्री एकत्र बसून गप्पा. प्रत्येक जण आपल्या गावची हकिगत सांगू लागला तेव्हा लक्षात आलं की सगळ्यांची हकिगत एकच आहे.

बारा बारा तास, आठवड्याचे सातही दिवस, ऊन पाऊस बर्फ काही असो, तासाला १५ ते २० सेंट. दिवसाला अडीच डॉलर मिळाले तर मोठी मजुरी. आठवड्याला आठ डॉलरवर राबणारेही होते. उमेदवारी करून काम शिकण्याची सोय कुठेच नाही. आणि मरणाचं प्रमाण? युनियनच्या इतिहासात अशी नोंद आहे की काही भागांत कामावर घेतलेल्या दर दोन लाईनमनपैकी एक मरायचा. हा आकडा सगळ्या देशाचा नाही, सगळ्यात वाईट भागांचा आहे, हे लक्षात ठेवून वाचावा. देशभराचा हिशेब म्हणजे बाकी उद्योगांच्या दुप्पट मृत्यू. तोही काही कमी नाही.

या गप्पांतून एक युनियन झाली. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार महासंघाने तिला ५२२१ नंबरची सनद दिली आणि अध्यक्ष झाला हेन्री मिलर. तो काही भाषणबाज पुढारी नव्हता. खांबावरचा माणूस, वय बत्तीस.

आता इथे मिलरचं वेगळेपण दिसतं. एका गावची युनियन करून मजुरी दोन सेंटनी वाढवून घ्यायची आणि थांबायचं, एवढं त्याला जमलं असतं. पण लाईनमन एका गावात थांबत नाही, काम संपलं की पुढच्या गावी जातो. कंपनीही एका गावची नाही. सेंट लुईसच्या माणसाला नीट शिकवलं आणि त्याच्यासोबत खांबावर दुसऱ्या गावाहून आलेला कच्चा गडी चढला, तर मरताना दोघेही मरतात. लाईनवरचं काम असं आहे की माझा जीव खाली स्विचजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या अकलेवर असतो. मग नियम एका गावापुरता ठेवून चालेल कसं? सगळ्या देशातल्या वीज कामगारांची एक संघटना हवी, असं त्याने ठरवलं.

त्याने आपली हत्यारं एका जुन्या गालिच्याच्या कापडाच्या पिशवीत भरली आणि निघाला. शिकागो, मिलवॉकी, इव्हान्सव्हिल, लुईव्हिल, इंडियानापोलिस, न्यू ऑर्लिन्स, टोलेडो, पिट्सबर्ग, क्लीव्हलँड, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क. गावात जायचं, तिथे लाईनवर काम मिळवायचं, दिवसभर खांबावर राबायचं आणि संध्याकाळी सोबतच्या माणसांना गोळा करून युनियनचं सांगायचं. पगारी प्रचारक नव्हता तो. पोट त्याच कामावर होतं. मला वाटतं त्याचं म्हणणं लोकांना पटलं ते म्हणूनच. खाली उभं राहून सुरक्षेचं सांगणारे साहेब पुष्कळ असतात, हा शेजारच्या खांबावरून उतरून सांगत होता.

२१ नोव्हेंबर १८९१ ला सेंट लुईसमध्ये पहिलं अधिवेशन भरलं. शहराच्या गरीब वस्तीतल्या स्टॉलीच्या नाचघराच्या वरची एक लहान खोली. प्रतिनिधी किती? दहा. सभासद किती? सगळ्या देशात मिळून २८६. आपल्या एखाद्या गावच्या सोसायटीच्या सभेला याहून जास्त माणसं असतात. या दहा जणांनी सात दिवस, दिवसरात्र बसून घटना लिहिली. संघटनेचं नाव ठेवलं नॅशनल ब्रदरहुड ऑफ इलेक्ट्रिकल वर्कर्स. मिलर पहिला अध्यक्ष, जे. टी. केली चिटणीस आणि खजिनदार. चिन्ह ठरलं ते मुठीत पकडलेल्या विजेच्या लोळांचं. आजही तेच आहे.

त्या सुरुवातीच्या घटनेतले हेतू वाचले तर मजुरी आणि कामाचे तास त्यात आहेतच, पण सोबत कौशल्याची पातळी वाढवणं आहे, आणि स्थानिक युनियनमध्ये विजेचं प्रत्यक्ष काम शिकवणाऱ्या शाळा काढायला उत्तेजन देणं आहे. ज्यांच्याकडे भाड्याच्या खोलीपलीकडे काही नव्हतं ती माणसं शाळांची भाषा करत होती. कंपन्या शिकवत नाहीत, सरकार शिकवत नाही, तर आपण आपल्याला शिकवू. आजारपणात आणि अडचणीत एकमेकांना मदत करणंही त्यात होतं. लाईनमनचा विमा उतरवायला विमा कंपन्या तयार नसायच्या, त्यामुळे कुणी गेला तर क्रियाकर्माची सोय युनियनलाच बघावी लागायची.

मिलर १८९३ पर्यंत अध्यक्ष राहिला. ही वर्षं सोपी नव्हती. १८९३ ला अमेरिकेत मोठी मंदी आली, बँका बुडाल्या, कामं बंद पडली. ज्याच्या घरी चूल पेटत नाही तो वर्गणी कुठून देणार? युनियन मोडायच्या बेताला आली. मिलर अध्यक्षपदावरून उतरला, पण त्याने घरी जाऊन राजकारणाचा धंदा काढला नाही की कंपनीत मुकादमी पत्करून गप्प बसला नाही. युनियनचं काम करत राहिला आणि पोटासाठी पुन्हा खांबावर चढला. खुर्चीवरून उतरलेला माणूस परत हातात पक्कड घेतो, हे आपल्याकडे बघायला मिळत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

शेवटी तो वॉशिंग्टनला होता. पोटोमॅक इलेक्ट्रिक पॉवर कंपनीत हेड लाईनमन. १० जुलै १८९६ ला लाईनवर काम करताना त्याला शॉक बसला आणि तो खांबावरून खाली पडला. त्यातच तो गेला. वय अडतीस.

हे वाचताना मनात येतं की एवढा अनुभवी माणूस, चौदाव्या वर्षापासून तारेत वाढलेला, जिवंत तारेचा धोका देशभर सांगत फिरलेला, त्यालाच कसं झालं? उत्तर फीक्सच्या गोष्टीतच आहे. अनुभव एका माणसापुरता असतो. खांबावर चढणाऱ्याला कितीही कळत असलं तरी लाईन कुणी बंद केली, ती बंद राहील याची जबाबदारी कुणाची, हातात घालायला काय दिलं, खाली मदतीला कोण उभा आहे, हे त्याच्या एकट्याच्या हातात नसतं. ते नियमाच्या हातात असतं. आणि १८९६ मध्ये तसा नियम नव्हता.

अमेरिकेतली वायरिंगची पहिली देशव्यापी नियमावली, नॅशनल इलेक्ट्रिकल कोड, दुसऱ्याच वर्षी म्हणजे १८९७ ला आली. पण तिच्यामागे मुख्य जोर विमा कंपन्यांचा होता, कारण खराब वायरिंगने इमारती जळत होत्या. इमारत वाचवायचा नियम आधी आला, माणूस वाचवायचा मागून. मिलरची युनियन टिकली, १८९९ ला कॅनडातले कामगार आल्यावर तिच्या नावात नॅशनलच्या जागी इंटरनॅशनल आलं. उमेदवारी प्रशिक्षणाची देशभराची एक पद्धत युनियन आणि ठेकेदारांनी मिळून ठरवली ती १९४१ मध्ये. कामाच्या जागेवरच्या सुरक्षेचा देशव्यापी कायदा १९७० चा. आणि वीज कंपन्यांच्या लाईनवर काम करणाऱ्यांसाठीचा सविस्तर नियम, ज्यात कोण पात्र माणूस, त्याला काय काय शिकवलेलं असलं पाहिजे, तार बंद समजण्याआधी काय काय करायचं, हे सगळं लिहिलेलं आहे, तो यायला १९९४ साल उजाडलं. मिलर जाऊन अठ्ठ्याण्णव वर्षं झाली होती.

आपल्याकडे कागद कमी नाहीत. १९५६ चे भारतीय विद्युत नियम होते. शॉक लागलेल्या माणसाला कसं शुद्धीवर आणायचं याचा तक्ता स्थानिक भाषेत लावायचा, हे त्यातच होतं. जुन्या सबस्टेशनच्या किंवा कारखान्याच्या भिंतीवर तो पिवळा पडलेला तक्ता तुम्ही बघितला असेल. त्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे विनियम आले आणि त्यांच्या जागी २०२३ चे. वीज वितरणाच्या कामावरच्या तंत्रज्ञाकडे त्या कामाचं प्रमाणपत्र असावं, आयटीआयचं असलं तर उत्तम, आणि वर त्याचं ठरवून दिलेलं प्रशिक्षण झालेलं असावं, असं २०१० च्याच विनियमांत लिहिलेलं आहे. झिरो वायरमन या कागदात कुठेच बसत नाही. गावात मात्र तो प्रत्येक पावसाळ्यात खांबावर असतो, आणि त्याला चढवणारे आपणच असतो.

मिलरला वॉशिंग्टनच्या ग्लेनवूड स्मशानभूमीत पुरलं. सेंट लुईसमध्ये ज्या साध्या दुमजली घरात तो भाड्याने राहायचा ते घर युनियनने २०१६ मध्ये, सव्वाशे वर्षं पूर्ण झाली तेव्हा, डागडुजी करून संग्रहालय म्हणून उघडलं. घर दुरुस्त करायला गेलेले वायरमन त्याच युनियनचे होते, उमेदवारी पूर्ण करून पास झालेले.